कुर्डूचं बी

वडप्यावरचा पाडा
१० फेब्रुवारी २०२५

मृणाली,

वर 'प्रिय' लिहिलं नाही ते विसरून नाही. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय. फोनवर तू एकदा बोलायला लागलीस की दुसऱ्याला बोलू देत नाहीस, आणि शेवटी मीच 'जाऊ दे गं' म्हणून फोन ठेवते. कॉलेजपासून हेच चाललंय. या वेळी मला जाऊ द्यायचं नाही. म्हणून कागदावर लिहितेय. यातलं तुला काही कापता येणार नाही.

काल सकाळी दहाच्या सुमाराला पाड्यावर एक टेम्पो आला. तीन माणसं उतरली. आय अंगणात वाल निवडत बसली होती. "सोमी कोण?" असं विचारल्यावर ती उठली आणि हसून म्हणाली, "मीच. बसा ना." तुझा व्हिडिओ आल्यापासून, गेले दोन महिने अनोळखी माणसं येतात, तिला सवय झालीय. पहिल्यानं तिच्यासमोरचं सूप लाथेनं उडवलं. दुसरा घरात शिरला आणि शिंक्यावरची मडकी खाली आपटली. पावसापर्यंत जपायचं बियाणं होतं त्यांत: काकडीचं, भोपळ्याचं, नाचणीचं. सगळं मातीत मिसळलं. तिसरा आयच्या तोंडासमोर बोट नाचवत ओरडत होता, "माझ्या दाजीची किडनी काढली गं तू! भोंदू!"

मी आदल्या दिवशीची नाईट शिफ्ट करून आत झोपले होते. बाहेर आले तेव्हा आय खांबाला धरून उभी होती. टेम्पोत पुढच्या सीटवर एक बाई बसली होती. ती उतरली नाही, ओरडली नाही, नुसती बघत होती. तिचं नाव चंद्रा. तिचा नवरा पंढरी, मानकोलीच्या गोडाउनांवर टेम्पो चालवतो. चालवायचा.

त्याला मूतखडा होता. त्यानं तुझा व्हिडिओ बघितला, तुझ्या दुकानातून कुर्डूच्या बियांचं पाकीट आणलं आणि अठरा दिवस काढा प्यायला. खडा आत अडकूनच राहिला, पू झाला. बेशुद्ध पडला तेव्हा दवाखान्यात नेला, आणि एक किडनी काढावी लागली.

आता आठव. ऑक्टोबरात तू कॅमेरा घेऊन माळावर आलीस. कुर्डू गुडघ्याच्या वर फुलला होता, पांढरे-गुलाबी तुरे वाऱ्यावर हलत होते, तुला ते फार आवडले. आय पंधरा मिनिटं बोलली. पावसाच्या सुरुवातीला कोवळा पाला कसा खुडायचा, लसूण-मिरचीवर जवळा टाकून भाजी कशी करायची. मग फुलं वाळली की काळं बी कसं झाडायचं, ठेचून काढा कसा करायचा. आणि शेवटी तिनं हात वर करून सांगितलं होतं, की बारीक खडा असंल तरच. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली, तोंड सुजलं, तर बी ठेवा बाजूला आणि डॉक्टरकडं पळा. मी शेजारीच उभी होते, मृणाली. माझ्या कानानं ऐकलंय.

तू एक मिनिट ठेवलंस. "बी ठेचून काढा प्याला का खडा जातं" इथं आय हसते, आणि संपलं. वर लिहिलंस, 'आदिवासी आजीचं गुपित'. माझी आय बावन्न वर्षांची आहे. तिला नाव आहे. आणि ते गुपित असतं तर तिनं तुला कॅमेऱ्यासमोर सांगितलं असतं का?

चौकीत तक्रार आयच्या नावानं झालीय. तुझं नाव कुठंच नाही, कारण व्हिडिओत तू दिसतच नाहीस.

मला ते पूर्ण रेकॉर्डिंग पाहिजे. बाकी काही नको.

जागृती

—

धामणकर नाका, भिवंडी
१७ फेब्रुवारी

जागू,

तुझं पत्र मिळालं. सोमीमावशीवर हात टाकायला आले? मी मनोजदादाला लगेच सांगितलं. मानकोलीला आमचे गाळे आहेत, त्या पंढरीच्या मालकाला दादा ओळखतो. तो बोलून विषय मिटवेल. तू काळजी करू नकोस.

पण जागू, तूही जरा शांतपणे विचार कर. मी मावशीचं वाईट व्हावं म्हणून केलं का? लोक मिनिटाच्या वर काही बघत नाहीत, हे या धंद्यातलं साधं गणित आहे. मला वाटलं, आपल्या माळावरची भाजी, आपल्या माणसांचं ज्ञान चार लोकांपर्यंत जाईल. पाकिटाच्या मागं 'वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे' असं छापलेलं आहे. अठरा दिवस दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाला मी काय करणार?

तुझा खरा राग मला कळला. मावशीचं नाव टाकलं नाही, हा ना? चूक झाली, मान्य. पुढच्या महिन्यात आमच्या दुकानाचा कार्यक्रम आहे, तिथं मावशीचा सत्कार ठेवलाय. सोबत शाल आणि सन्मानपत्र पाठवतेय. त्यावर पूर्ण नाव छापलंय, बघ.

रेकॉर्डिंगचं मात्र वाईट वाटतं. फोन भरला होता, दिवाळीत सगळं उडवलं. असतं तर दिलं नसतं का?

राग सोड. ब्लॉक काढून एकदा फोन तरी उचल.

तुझीच,
मृणाली

—

वडप्यावरचा पाडा
२२ फेब्रुवारी

मृणाली,

शाल परत पाठवलीय. सन्मानपत्रही त्यातच आहे, घडी न मोडता. दारात मडक्यांच्या खापऱ्या पडल्यात आणि तू आम्हाला शाल पाठवतेस!

माझा 'खरा राग' तुला कळला म्हणतेस. तुला काय कळलं? तू लहानपणी आमच्या घरी येऊन कुर्डूची भाजी आणि भाकरी खायचीस, आणि घरी जाऊन सांगायचीस की शाळेतच डबा खाल्ला. का, ते मला तेव्हाच कळत होतं. मी कधी बोलले नाही. तोच 'जाऊ दे गं'.

परवा आयला चौकीत बोलावलं. मी हाफ डे टाकून गेले. साहेब वाईट नव्हता, पण त्यानं फोन काढून तुझा व्हिडिओ लावला आणि विचारलं, "हे तूच बोललीस ना?"

"बोलली. पन पुढं बी बोलली."

"पुढं कुठंय?"

आयनं फोनकडं बघितलं. हसरं तोंड तिथंच थांबलं होतं. ती म्हणाली, "पुढं हिच्यात न्हाय."

"मग मी काय लिहू, बाई?"

माझी साक्ष चालत नाही म्हणे, मी मुलगी आहे. एकच गोष्ट तिला सोडवू शकत होती, आणि ती तू फोन भरला म्हणून उडवलीस. मैत्रिणींच्या लग्नातले मेहंदीचे फोटो राहिले तुझ्या फोनमध्ये. दुकानाच्या उद्घाटनाचे चारशे फोटो राहिले. आयची पंधरा मिनिटं तेवढी जड झाली.

पाकिटामागचं बारीक छापलेलं वाक्य मी वाचलं. ते वाचायला मला पाकीट उन्हात धरावं लागलं. आणि पुढच्या बाजूला माझ्या आयचा चेहरा केवढा छापलास गं!

मनोजदादाला सांग, पंढरीच्या मालकाशी बोलू नकोस. ज्याची किडनी गेली त्याची नोकरीही घालवून विषय मिटवणार आहात का?

आय बोलेनाशी झालीय. गुणाबाई शेजारीण पाय मुरगळला म्हणून आली, तर आय म्हणाली, "मना काय येत न्हाय. दवाखान्यात जा." साधा पाय चोळून दिला नाही तिनं. त्याचा हिशेब कुठल्या चौकीत मागू?

जागृती

—

धामणकर नाका
३ मार्च

जागृती,

बस झालं. पंधरा दिवस मी ऐकून घेतेय. लहानपणीचं उकरून काढलंस, तेही ऐकलं. माझी आजी शिवाशिव पाळायची, मी आठ वर्षांची होते, मी काय करणार होते?

आता माझं ऐक. दादानं चौकशी केली. पंढरी माझ्या दुकानात आला, बरोबर. पण त्याआधी तो तुमच्या घरी आला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी. तुमच्याच पाड्यातल्या दोघांनी त्याला मावशीसमोर ओट्यावर बसलेला बघितलं. अर्धा तास बसला होता. यातलं एक अक्षर तू मला लिहिलं नाहीस! वर साळसूदपणे 'तुझ्या दुकानातून पाकीट आणलं' म्हणून मोकळी.

मावशीनं त्याला काय दिलं, ते विचार तिला. ती बोलेनाशी का झालीय, याचं उत्तर तुझ्याच घरात असेल. दादाचा वकील म्हणतो, ही गोष्ट चौकीत सांगितली तर आम्हाला कुणी हात लावणार नाही. मी त्याला अजून थांबवून ठेवलंय, तुझ्यासाठी. पण मला सारखं गुन्हेगारासारखं बोलणार असशील तर मी किती दिवस थांबवू?

मृणाली

—

वडप्यावरचा पाडा
११ मार्च

मृणाली,

तुझं पत्र वाचून मी चार दिवस आयला काही विचारलं नाही. भीती वाटत होती, हे कबूल करते. पंढरी घरी आलेला मला माहीत नव्हता. काल विचारलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "लिही. तिलाच लिही." पुढचं तिचं आहे. ती बोलली तसं लिहिलंय. मी एक शब्द गाळलेला नाही.

*मुरनाली बाय, सोमीचा राम राम.*

*तो मानूस आला व्हता. चंद्राचा घरवाला. दुपारचा आला, भरलेला टेम्पो खाली ठेवून चालत चढला. घामानं भिजला व्हता आनि वरून थंडीनं कापत व्हता. मी त्याचा तोंड बघितला. डोल्याखाली सुजला व्हता. मी विचारला, लघवी व्हते का? तो बोलला, थोडी थोडी, लाल. मी बोलली, दादा, तुना बी न्हाय देनार. तू आता खाली उतर आनि सरल दवाखान्यात जा.*

*तो रागावला. बोलला, मावशी, लांबून आलोय. मी बोलली, न्हाय देनार. मंग त्यानं फोन काढला. तुजा व्हिडो लावला. त्याच्यात मी बोलतंय, काढा प्याला का खडा जातं, आनि हसतंय. तो बोलला, हे बघ, इथं तू सगल्यांना सांगतंस, आनि मना न्हाय देत. का, मी पैसं न्हाय देनार असा वाटला का?*

*मी काय बोलनार? माझाच तोंड माझ्यासमोर खोटा बोलत व्हता. मी सांगतला, ह्याच्या पुढं बी मी बोलली हाय. तो बोलला, पुढं काय न्हाय, संपला. मंग उठला. तुज्या दुकानाचा पत्ता त्या व्हिडोतच व्हता.*

*मी न्हाय दिली बी. पन मी त्याचा हात बी न्हाय धरला. खाली उतरून रिक्षात घालून न्यायला पायजे व्हता. मी ओट्यावरून बघत रायली. तो वाकून वाकून उतरत व्हता. म्हनून मी कोनाला बोलली न्हाय, जागुर्तीला बी न्हाय. त्याच्या मेव्हन्यांनी मडकी फोडली तवा मना वाटला, फोडू दे.*

*तुना चौकीत सांगायचा तर सांग. तो आलता ह्या खरा हाय. पन तुना मी काय बोलली ता सगला ठावं हाय. तू समोर बसली व्हतीस. मान हालवत व्हतीस.*

हे तिचं झालं. आता माझं एकच वाक्य. तुझ्या वकिलाला आता थांबवू नकोस, त्याला जे करायचं ते करू दे. माझ्यावर उपकार म्हणून गप्प बसलीस असं आयुष्यभर ऐकायची माझी तयारी नाही.

जागृती

—

धामणकर नाका
२४ मार्च

जागृती,

रेकॉर्डिंग उडवलं नव्हतं.

हे पहिल्या ओळीतच लिहायचं ठरवलं होतं, नाहीतर मी पुन्हा दुसरंच लिहीत बसले असते. ते माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. सतरा मिनिटं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ते उघडून बघितलं आणि बंद केलं. मावशी ताप, सूज, लघवी, सगळं सांगते. दोनदा सांगते. दुसऱ्यांदा सांगताना कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, "हो मावशी, हे नंतर टाकू." तो आवाज ऐकल्यावर मला कळलं की हे बाहेर आलं तर मला काहीच म्हणायला जागा राहणार नाही.

कापताना मला काय वाटलं होतं तेही सांगते. ते वाक्य ठेवलं तर पाकीट कोण घेणार, असं वाटलं होतं. मिनिटाचं गणित वगैरे सगळं नंतरचं.

मावशीचं पत्र मी दुकानात, गिऱ्हाईक असताना वाचलं. 'मान हालवत व्हतीस' इथं आले आणि शटर ओढून घेतलं. दादा आला. मी त्याला म्हणाले, मी चौकीत जातेय. तो म्हणाला, "डोकं फिरलंय का? गाळ्यांच्या भाडेकरूंपर्यंत नाव जाईल. त्या बाईला काय होणारे? चार दिवस फेऱ्या मारेल आणि सुटेल." मी म्हणाले, "आणि नाही सुटली तर?" तो म्हणाला, "त्यांना सवय असते."

आपला दादा हे म्हणाला, जागू. लहानपणी मावशीच्या कडेवर बसून आमच्या खळ्यावर फिरायचा तो. मी त्याला तोंडावर काय बोलले ते लिहीत नाही. घरात आता माझ्याशी कुणी बोलत नाही.

शुक्रवारी मी पेन ड्राइव्ह चौकीत दिला. जबाब दिला, सही केली. त्याच दिवशी सतराच्या सतरा मिनिटं सगळीकडं टाकली, माझ्या आवाजासकट. वर मावशीचं नाव आहे, आणि खाली मी काय कापलं ते लिहिलंय. उरलेली पाकिटं दुकानातून काढली. लोक मला जे बोलताहेत ते तू वाचत असशील. बरोबरच बोलताहेत.

रेकॉर्डिंगची एक प्रत सोबत पाठवतेय. मी तुमच्याकडं येऊ का? मावशीच्या पाया पडायचंय. तू म्हणशील तेव्हा येईन.

मृणाली

—

वडप्यावरचा पाडा
८ जुलै

मृणाली,

साडेतीन महिने उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की तुझं 'हे नंतर टाकू' कानात यायचं आणि कागद फाडून टाकायचे.

काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते. आयवरची तक्रार मागं घेतली. साहेबानं सतरा मिनिटं पूर्ण बघितली, आयला खुर्ची दिली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या डॉक्टरपेक्षा नीट सांगितलंत." आय म्हणाली, "मंग त्या मानसाला काय उपेग?"

गेल्या आठवड्यात चंद्रा आली. एकटी, शेअर रिक्षानं, आणि पुढं चढण चालत. दोघी ओट्यावर बसल्या. चंद्रा म्हणाली, व्हिडिओ बघितला, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. आयनं पहिल्यापासून सांगितलं, पंढरी आला होता तेसुद्धा, हात धरला नाही तेसुद्धा. मला वाटलं आता ही बाई उठून आयला मारते की काय. चंद्रानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी पण त्यांना म्हटलं होतं, दवाखान्यात चला. तर म्हणाले, त्या आजीचा चेहरा बघ, ती खोटं बोलणारी वाटते का?"

मग दोघी रडल्या. मी आत जाऊन चहा टाकला. तुझ्यावर मला जितका राग आला असेल त्यातला सगळ्यात मोठा त्या चहापाशी आला, मृणाली. लोकांनी जिच्यावर विश्वास ठेवावा असा माझ्या आयचा चेहरा. तिनं बावन्न वर्षांत दुसरं काही कमावलेलं नाही. तोच तू वापरलास.

पंढरी घरी आहे. हिंडतो-फिरतो, पण टेम्पोवर भार उचलता येत नाही. दादानं त्याच्या मालकाला काही सांगितलं असेल तर ते तू निस्तर. चंद्रानं तुझ्यावर आणि पाकिटांवर केस केलीय, हे तुला कळलंच असेल. माझी साक्ष आहे. या वेळी चालते म्हणे. मी तुझ्या विरुद्ध सांगणार आहे. समजून-उमजून कापलंस, सांगितल्यावर सव्वा महिना लपवलंस. आणि नंतर स्वतःच्या पायानं जाऊन दिलंस, तेही सांगणार. वकिलानं विचारलं नाही तरी सांगणार.

तू येऊ का विचारलंस. यावरून घरात भांडण झालं. आयनं तुला माफ केलंय. मी तिला म्हणाले, एवढ्या लवकर कसं गं करतेस? ती म्हणाली, "पोरगी घरच्यांच्या इरुद्ध जाऊन खरा बोलली." मी म्हणाले, मला नाही जमत. तर म्हणाली, "तुना कोन बोलला तू कर? माझ्याकडं येतंय ती."

माळावर पाला कोवळा आहे सध्या. रविवारी आय तुझ्यासाठी भाजी आणि भाकरी करणार आहे. दुपारी बारापर्यंत ये. मी त्या दिवशी मुद्दाम ड्युटी लावून घेतलीय, चार वाजता सुटेन.

ये, पोटभर जेव, आणि घरी गेल्यावर कुठं जेवलीस ते सगळ्यांना सांग. फक्त मी परत यायच्या आत निघून जा.

जागृती